तिसरा पट्टा

सोमवारी सकाळी दहा वाजता दवाखान्याच्या बाकावर तीन माणसं होती, आणि त्यांतला एक पंखा दुरुस्त करायला आलेला. रस्त्यापलीकडच्या मोफत आरोग्य केंद्रासमोर एकेचाळीस. थोरलीने खिडकीतून पुन्हा मोजली, तर त्रेचाळीस भरली.

या खासगी दवाखान्यात ती बावीस वर्षं कंपाउंडर होती. गरिबांना मोफत उपचार देणारा नवा कायदा देशभर आला, त्याची वर्षभराची चाचणी म्हणून समोर केंद्र उघडलं, आणि तिथे नर्स म्हणून कोण यावं? तिचीच धाकटी जाऊ. रक्तदाब कसा मोजायचा हे तिला थोरलीनेच शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःचा दंड पुढे करून. आता लोक धाकटीला 'मॅडम' म्हणत. थोरलीची मजल बावीस वर्षांत 'अहो बाई'च्या पुढे गेली नव्हती. फी ऐकून दारातूनच माघारी फिरणारी इस्त्रीवाली हल्ली दर आठवड्याला समोर जायची आणि जाताना हिला हसून हात करायची. थोरलीच्या पोटात दुखायचं.

आज तर कहर झाला. अकरा वर्षं दर सोमवारी तिच्यापुढे दंड धरणाऱ्या सासूबाई त्या रांगेत उभ्या होत्या.

"एकशे चोवीस निघाला," दुपारी घरी सासूबाई म्हणाल्या. "तू मागच्या सोमवारी एकशे शेहेचाळीस सांगितलास. दोन-दोन गोळ्या गिळतेय मी."

"फुकटचं मशीन. आकडाही फुकटचाच."

"हात काय हळुवार धरते गं ती!"

हे मात्र वर्मी लागलं.

बुधवारी केंद्रात सुनावणी होती. केंद्र कायम ठेवायचं की बंद करायचं, यावर वस्तीचं म्हणणं ऐकायला अधिकारी येणार होते. उभं राहायचं आणि इथले आकडे खोटे आहेत असं तोंडावर सांगायचं, हे थोरलीने ठरवलं आणि गल्लीभर बोलूनही दाखवलं. पण पुराव्याशिवाय बोलणारी ती नव्हती. मंगळवारी पाऱ्याचं यंत्र काखोटीला मारून, सासूबाईंना पुढे घालून ती केंद्रात शिरली.

"या वहिनी. चहा घेणार?"

"तोही मोफतच का?"

"नाही हो, माझ्या थर्मासमधला आहे."

थोरलीने चहाकडे पाहिलंही नाही. आपल्या यंत्रावर मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस. तिने मान वर करून धाकटीकडे पाहिलं. धाकटीने टेप काढली आणि सासूबाईंच्या दंडाभोवती फिरवली. एक्केचाळीस सेंटिमीटर. तिच्यामागे भिंतीवर तीन खिळे होते आणि त्यांवर दंडाला गुंडाळायचे तीन पट्टे: लहान, मधला, मोठा. थोरलीकडे पहिल्यापासून एकच होता, मधला. सासूबाईंच्या दंडावर तो जेमतेम पुरायचा, म्हणून ती दरवेळी वरून तळहाताने दाबून धरायची.

"मोठा पट्टा तुमच्याच यंत्राला लावून बघा," धाकटी हळूच म्हणाली.

थोरलीने लावला. पारा उतरत गेला, उतरत गेला, आणि पहिला ठोका एकशे सव्वीसवर ऐकू आला. तिने पुन्हा मोजलं. एकशे चोवीस. दुसऱ्या दंडावर मोजलं. तेच.

"म्हणून सकाळी उठले की गरगरतं होय मला!" सासूबाई म्हणाल्या.

"वहिनींचं मोजणं चोख आहे, आई. पट्टा अपुरा पडला की आकडा वर जातो. मलाही इथे आल्यावरच कळलं. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारू."

भांडली असती तर परवडलं असतं. तिचा हा समजूतदारपणा थोरलीला मिरचीसारखा झोंबला.

बुधवारी अधिकाऱ्यांनी विचारलं, "विरोधात कुणाला बोलायचंय?" सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. ती उठली. धाकटीच्या हातातलं पेन थांबलं. एकशे शेहेचाळीसचा कागद अजून थोरलीच्या पर्समध्ये होता, आणि पट्ट्याबद्दल विचारण्याइतकं तिथे कुणाला कळत नव्हतं. केंद्र बंद पडलं तर तिचा बाक पुन्हा भरणार होता.

"माझ्याकडे पट्टा एक आहे, यांच्याकडे तीन," ती म्हणाली. "जाड दंडाच्या माणसांना मी बावीस वर्षं चुकीचे आकडे सांगितले. आणि फी ऐकून जे परत गेले, त्यांना तर काहीच सांगितलं नाही. केंद्र राहू द्या." ती बसली आणि लगेच पुन्हा उठली. "आणि या नर्सला मोजायला मी शिकवलंय. तेही लिहून घ्या."

लोक हसले. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं.

गुरुवारी ती रांगेत उभी राहिली. अडतिसावी. इस्त्रीवालीने आपला नंबर देऊ केला, तो तिने घेतला नाही. आत धाकटीने टेप फिरवली.

"अठ्ठावीस. मधला चालेल. शेवटचा कधी बघितला होता, वहिनी?"

"तुला शिकवताना."

"तेव्हा एकशे अठरा होता. माझ्या लक्षात आहे."

"मॅडम, अजून किती वेळ?" दारातून कुणीतरी ओरडलं. थोरलीचे ओठ आवळले गेले.

"आता बोलू नका," धाकटी म्हणाली, आणि तिचा हात हळुवार धरला.

एकशे चौपन्न, अठ्ठ्याण्णव.