माझ्या पोटातला ढग

मी एक जुना हेडलाइट आहे. एका पांढऱ्या व्हॅनचा, उजव्या बाजूचा. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी लागलेला असतो तेव्हाच मला दिसते. विझलो की नुसते ऐकू येते. त्यामुळे माझी गोष्ट सलग नाही, मधूनमधून ती तुटेल. तुटली तर गोंधळू नका, कोणीतरी बटण बंद केले असेल.

लागलो.

समोर भिंत होती. पांढरी, तिच्यावर काळ्या रेघा. कारखान्यात माझा प्रकाश रेघेवर बरोबर पडतो का, हे तपासत होते. मला ते कुठले माहीत! मला वाटले, जग म्हणतात ते हेच. एवढे मोठे, एवढे स्वच्छ, आणि ते माझ्यामुळे दिसते आहे. मी आनंदाने आणखी काही बघणार, तेवढ्यात

विझलो.

अंधारात एक बाई म्हणाली की हा चांगला आहे, जाऊ दे पुढे. जन्माला आल्याआल्या मिळालेली शाबासकी. ती अजून पुरते आहे.

माझे शरीर साधे आहे. पुढे पारदर्शक आवरण. सगळे त्याला काच म्हणतात, पण आहे ते प्लास्टिक. मागे काळी पेटी. दोन्ही कडेने घट्ट चिकटवलेले. आत बल्ब आणि त्याच्याभोवती चकचकीत वाटी. शिवाय पाठीवर, सहसा कोणाच्या लक्षात येणार नाही अशी, एक बारीक नळी आणि तिच्यावर रबराची वाकडी टोपी. ती कशासाठी, हे मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

लागलो.

ही माझी कामाची वर्षे. टेकडीपलीकडच्या इस्पितळात पहाटेच्या पाळीच्या परिचारिकांना पोहोचवायचे, हे आमचे काम. गाडी चालवणाऱ्याला त्या भाऊ म्हणत. काय काय पाहिले मी! काळोखात मुकाट उभी असलेली पाटी माझा प्रकाश जसाच्या तसा मला परत करी. रस्ता ओलांडताना थबकलेल्या मांजरीच्या डोळ्यांत मला दोन छोटे दिवे दिसत. धुके पडले की माझा प्रकाश हवेत चक्क उभा राही, खांबासारखा. आणि मग बोगदा. त्यात शिरताना मला दर वेळी वाटे, हा एवढा मोठा अंधार, आणि आपण एवढेसे. तरी तो वाट देतो. भाऊ रोज निघण्याआधी, मी विझलेला असतानाच, मला आपल्या रुमालाने पुसत.

विझलो. या वेळी बराच काळ.

भाऊ अंगणात पडले, ते मी ऐकले. धावपळ ऐकली. नंतर ऐकले की त्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे आणि जीभ जड झाली आहे. ते घरी आले, पण अंगणात येईनात. माणसांसमोर बोलायची त्यांना लाज वाटे. शब्द अडकला की लोक तो पुरा करून देत, आणि तेच त्यांना सहन होत नसे.

लागलो.

आता बटणावर नवा हात होता. भाऊंची बायको गाडी शिकली होती. परिचारिका तिला वहिनी म्हणत, आणि भाऊंच्या वेळी गाडीत झोप लागायची, तुमच्या वेळी डोळा लागत नाही, असे चिडवत. हळूहळू त्या पुन्हा झोपू लागल्या.

मग थंडीतली ती पहाट. मी लागलो आणि मला समोर काही दिसेना. आधी वाटले, बाहेर धुके आहे. पण धुके माझ्या आत होते. काचेच्या आतल्या अंगाला असंख्य थेंब लटकले होते आणि प्रत्येक थेंबात एकेक इवलासा बल्ब पेटला होता. माझ्या पोटात ढग उतरला होता, मित्रांनो. मी थक्क होऊन बघत राहिलो. फार सुंदर होते ते. आणि रस्ता दिसत नव्हता.

विझलो.

वहिनीने मला काढून घरात नेले. आजारपणानंतर भाऊंनी पहिल्यांदाच एखाद्या कामाला हात घातला. कडेचा जोड एका जागी सुटला होता, तो त्यांनी डाव्या हाताने सिलिकॉन भरून बुजवला. पाठीवरच्या नळीची रबरी टोपी कधीच गळून पडली होती. उघडे भोक दिसल्यावर कोणीही जे करील तेच त्यांनी केले. तेही बुजवले. बुजवून झाल्यावर ते त्या दिवशी पोटभर जेवले, असे आक्का म्हणाल्या.

आक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. पुढच्या खोलीत त्यांचे शिवणकाम चाले. तोंडही शिवणयंत्रासारखेच, एकदा सुरू झाले की धागा संपेपर्यंत थांबत नसे.

लागलो. ढग आणखी दाट.

विझलो. भाऊंनी पुन्हा सिलिकॉन भरले, आधीच्यावर थर दिला.

लागलो. आता तळाशी पाणी साचून डचमळत होते. मला वाईट वाटले. चांगल्या माणसाने जीव ओतून केलेल्या कामाचा मला गुण येत नव्हता.

विझलो. अंगणात दोघींचे बोलणे चालले होते.

"मोतीबिंदू झालाय त्याला," आक्का म्हणाल्या. "काढून टाक आणि नवा बसव. पुढच्या आठवड्यात गाडीची तपासणी आहे ना तुझी?"

तपासणी होती. दिवा असा असला तर गाडी रस्त्यावर येऊ देणार नव्हते, आणि इस्पितळाचे काम दुसऱ्या कोणाकडे गेले असते. वहिनीला ते पक्के ठाऊक होते.

"दिवा नवा आणता येईल हो, आक्का," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण हे परत भिंतीकडे तोंड करून झोपतील, त्याचं काय करू?"

आक्कांचे तोंड त्या दिवशी धागा संपण्याआधीच थांबले.

लागलो.

बोगदा. माझा सगळा प्रकाश माझ्याच पोटात विरघळत होता. डावीकडचा माझा जोडीदार दिवा एकटा दोघांचे काम करत होता. उजव्या अंगाला झाडलोट करणारा एक माणूस ढकलगाडी घेऊन चालला होता. मी त्याच्यावर प्रकाश टाकायला हवा होता. वहिनीने करकचून ब्रेक दाबला. ढकलगाडी काचेजवळ आली तेव्हा कुठे मला तिचे चाक दिसले. माणूस वाचला. गाडीत झोपलेल्या परिचारिका दचकून जाग्या झाल्या.

विझलो.

घरी येऊन वहिनी भाऊंना म्हणाली, "आज एक माणूस मला दिसलाच नाही. आता या दिव्यानं मी बोगद्यात शिरायची नाही."

तिने भाऊंना दोष दिला नाही. पण भाऊ रागावलेही नाहीत, हे मला जास्त लागले. ते फक्त म्हणाले, "एकदा... बघू दे."

माझ्यातले पाणी ओतून, बल्बची जागा उघडी ठेवून त्यांनी मला दिवसभर उन्हात वाळवले. मग बल्ब बसवून, मी गरम असतानाच, मला गार पाण्याच्या बादलीत बुडवले. कुठून गळत असेल तर तिथून बुडबुडे येतील, असा हिशेब. एकही बुडबुडा आला नाही. भाऊ खूश झाले. थोड्या वेळाने मला बाहेर काढले, तर आत चमचाभर पाणी.

"बुडबुडा एक नाही, आणि पाणी आत," आक्का म्हणाल्या. "भूत आहे का रे यात?"

भाऊंनी मला कानाशी धरून हलवले.

"गेलं नाही," भाऊ सावकाश म्हणाले. "त्यानं ओढलं."

गरम हवा फुगलेली असते, ती गार झाली की आक्रसते. मग तिला बाहेरून काहीतरी आत घ्यावेच लागते. हवेची वाट बंद असेल, तर केसाएवढ्या फटीतून ती पाणी ओढते. भाऊंनी हे एवढे सगळे सांगितले नाही. ते म्हणाले, "उसवायचं दे." शिवण उसवायचे टोकदार हत्यार आक्कांनी दिले. वहिनीने मला धरले आणि भाऊंनी माझ्या पाठीवरच्या नळीतले सिलिकॉन कणाकणाने कोरून काढले. दुसऱ्या दिवशी ती खरी फटही शोधून बुजवली आणि मला पुन्हा खडखडीत वाळवले. मग आक्कांच्या कापड बेतायच्या टेबलावर जरा तिरके ठेवून जुन्या बॅटरीच्या दोन तारा जोडल्या.

लागलो.

समोर आरसा होता. गिऱ्हाइकांना कपडे अंगावर घालून बघण्यासाठी आक्कांनी ठेवलेला, माणसाच्या उंचीचा. मित्रांनो, मी आजवर फक्त पुढे पाहिले होते. त्या दिवशी मी मला पाहिले. आणि माझ्या मागे तीन चेहरे. गाडी चालवणारा कायम माझ्या पाठीमागे असतो, त्यामुळे भाऊंचा चेहरा मला तोवर माहीतच नव्हता. ओठ एका बाजूला किंचित ओढलेले, डोळे मात्र जागे.

भाऊंनी बोटावर साबणाचे पाणी घेतले आणि नळीच्या तोंडावर टेकवले. तिथे एक पातळ पडदा धरला. माझा बल्ब तापत होता. पडदा हलला. बाहेर आला, गोल झाला, रंगीत झाला, फुगत गेला. माझ्या आतली हवा होती ती! ती कुठून निघते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. तिन्ही चेहरे इतके जवळ आले की आरशात एकच मोठा चेहरा झाला.

विझलो.

आता मला दिसत नव्हते, पण आक्कांचा आवाज आला, "आत चाललाय... आत चाललाय बघ." मग फट्. एवढासा आवाज.

"श्वास घेतो हा," वहिनी म्हणाली.

"मीच नाक... दाबलं होतं," भाऊ म्हणाले.

"आता घेतोय ना? मग झालं."

नळीवर त्यांनी रबराचा एक वाकडा तुकडा बसवला. तोंड खाली, हवा जावी, पाणी चढू नये.

लागलो.

तपासणीची सकाळ, कडक थंडी. वहिनीने भाऊंना शेजारी बसवून आणले होते. तपासणीस माझ्यासमोर वाकला. माझ्या एका कोपऱ्यात हलकेसे धुके होते.

"आत पाणी आहे," तो म्हणाला. "बदलून आणा."

दार उघडल्याचा आवाज आला. काठी टेकत भाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रांगेतले चालक बघत होते.

"पाणी नाही. द... द..." शब्द अडकला. वहिनी खिडकीतून बाहेर डोकावली असावी, कारण भाऊंनी तिच्याकडे पाहिले. तिने शब्द पुरा केला नाही. कोणीच केला नाही.

"दमट हवा," भाऊ म्हणाले. "दिवा चालू ठेवा. थांबा जरा."

तपासणीस थांबला. बल्ब तापत गेला आणि धुक्याची कड आतल्या बाजूने मागे सरकू लागली, कोणी अलगद पांघरूण ओढावे तशी. तपासणीस गुडघ्यांवर हात ठेवून बघू लागला. रांगेतला एक चालक आला, दुसरा आला. धुके नखाएवढे उरले. मग तेही गेले. आणि माझ्या लख्ख काचेतून मला भाऊ दिसले, अगदी समोर, भरदिवसा, माणसांच्या मधोमध.

"हे असं थांबून कधी बघितलंच नव्हतं," तपासणीस म्हणाला, आणि त्याने गाडी पास केली. भाऊंना मात्र रांगेतल्यांनी लवकर सोडले नाही. नळी कुठे असते, टोपी कशी बसवायची, प्रत्येकाला विचारायचे होते. भाऊ सांगत होते. सावकाश, अडखळत, शेवटपर्यंत.

मित्रांनो, माझ्यासारख्या दिव्यात थेंब ओघळत असतील, पाणी साचले असेल, तर आळस करू नका. फट शोधा, बुजवा, दिवा पुरता वाळवा. पण पाठीवरची नळी उघडी राहू द्या. आणि थंडीत कोपऱ्यात नुसते धुके दिसले, तर दिवा लावा आणि थोडा वेळ समोर उभे राहा. मध्ये बोलू नका. बघा, काय होते ते.