बाईची डावी, पुरुषाची उजवी

कोंडीबा वैद्य नाडी धरून काल काय खाल्लं ते सांगतो, अशी कृष्णाकाठच्या चार गावांत त्याची ख्याती होती. शेजारच्या आकारामाचं मनगट धरून, डोळे मिटून त्यानं "वांगं" म्हटलं, तेव्हा सोप्यातली माणसं थक्क झाली. आकारामाच्या मिशीला लागलेला रस्सा एकट्या मनुबाईला दिसला, तोही माजघराच्या दाराआडून. त्या दिवशी तो माणूस तिच्या मनातून उतरला तो उतरलाच.

चौऱ्याहत्तर साली मनुबाईची सासू साळूबाई दोन दिवस जुलाब-उलट्यांनी झिजली आणि तिसऱ्या दुपारी निपचित पडली. थोरला दीर सयाजीनं सांगलीच्या दवाखान्याचा विचार सोडून कोंडीबाला बोलावलं. घरात गोषा, म्हणून साळूबाई डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. वैद्यानं लुगड्यावरूनच तिचं डावं मनगट चाचपलं. बाईची डावी बघायची, पुरुषाची उजवी, एवढंच त्याचं शास्त्र. बराच वेळ आढ्याकडं बघून तो म्हणाला, "सयाजीराव, नाडी सुटली. घटकाभराची धुगधुगी हाय. म्हातारीला भुईवर घ्या."

"मग सांगलीला?"

"वाटंत मारायची हाय का?"

झालं. सयाजीनं मोठ्यानं गळा काढला. भुई सारवली, तुळशीचं पान आलं, पाटणच्या लेकीकडं माणूस धाडायची बोलणी सुरू झाली. वैद्याच्या शब्दावर आईला मरू द्यायला एवढा धिप्पाड गडी कसा तयार होतो, याची मनुबाईला किळस आली.

तिचा नवरा मानसिंग पलटणीच्या दवाखान्यात नोकरीला होता. मागच्या सुट्टीत तिची बोटं धरून त्यानं शिकवलं होतं, "रक्ताची नळी जिथं कातड्याजवळनं जाती आन् खाली तिला टेकायला कायतरी घट्ट असतंय, तिथं काळजाचा ठोका बोटाला लागतोय. मनगटावर, कोपराच्या खोबणीत, गळ्याच्या बाजूला, पावलाच्या वरबी. माणूस गळाठलं की हातापायाची आदी हरपती. गळ्याची समद्यात शेवटाला."

मनुबाई सरळ सोप्यात आली. पुरुषांनी माना फिरवल्या.

"मनुबाई, आत व्हा," सयाजी गुरकावला.

ती सासूच्या उशाशी बसली. पदर बाजूला सारून तिनं गळ्याच्या घाटीशेजारी दोन बोटं रोवली. बारीक, पण भराभर. ठोका होता.

"वैद्यबुवा, कंचा हात बगितला तुमी?"

"डावा. शास्त्रच हाय."

"डावा हात गुऱ्हाळाच्या चरकात घावलावता आत्याबाईंचा. धा वर्सं झाली. त्या मनगटात ठोका लागतच न्हाई. गावातल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय." मग दिराकडं वळून म्हणाली, "आन् दादा, चरकातनं हात तुमीच वढून काडलावता. तुमाला तरी आठवायला नगं?"

सयाजी आईजवळ येऊन टेकला.

"बोट ठेवा हितं."

त्यानं भीतभीत आईच्या गळ्याला बोट लावलं. क्षणात त्याचा चेहरा पालटला आणि तो ओरडत अंगणात धावला, "ट्रॅक्टर काडा! ट्राली जोडा!"

मागं कोंडीबा बसल्या लोकांना सांगत होता, "माज्या हाताचा गुण बरं ह्यो. गेलेली नाडी गळ्यात चढली." आणि ती माणसं चक्क माना डोलवत होती.

सांगलीत सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढल्या. आठवड्यानं साळूबाई घरी आली, आणि सयाजीनं वैद्याला बोलावून टॉवेल-टोपी केली. मनुबाई चहा करत होती. तिला आता रागही आला नाही. एवढ्या बुद्धीच्या माणसांवर कुणी रागावतं का?

कोंडीबानं टोपी नीट केली आणि बाजेकडं सरकला. "बगू आक्का, हात द्या."

साळूबाईनं दोन्ही हात घोंगड्यात ओढून घेतले. या सुनेशी ती सहा वर्षांत कधी धड बोलली नव्हती.

"मने," ती म्हणाली, "ह्येला च्या पाज आन् वाटंला लाव. मग ये, माजा गळा बग."