पाठ चिरलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. समोरून पाहाल तर एखाद्या मामलेदाराचा वाटेन. रुंद कॉलर, छातीवर खिसा, चकचकीत बटणे. पण मागून मला कुणी पाहू नये. माझी पाठ मानेपासून खालपर्यंत उभी चिरलेली आहे आणि दोन्ही कडांना तान्ह्या बाळाच्या झबल्याला असतात तशा नाड्या आहेत. माणूस गलेलठ्ठ असो की काटकुळा, नाड्या ओढल्या की समोरून मी सगळ्यांना बसतो. आणि म्हणूनच पाठ चिरल्यापासून मी कधी रस्त्यावर आलो नाही. पाठ उघडी टाकून कुठला कोट बाजारात जाईल?

जन्मतः मी असा नव्हतो बरं. सांगलीच्या एका शिंप्याने मला मोठ्या हौसेने शिवले, तेव्हा माझी पाठ एकसंध होती. आष्ट्याच्या नानासो पेंटरांनी मला आपल्या लग्नासाठी शिवून घेतले होते. मांडवात मी मिरवलो. माझ्या कॉलरच्या आत हळदीचा एक डाग अजून आहे. लग्नाचा तो दिवस माझ्या आयुष्यातला एकुलता एक बाहेरचा दिवस. पुढे नानासोंनी विठ्ठलाच्या देवळाला लागून एक खोली घेतली, बाहेर ‘नानासो आर्ट स्टुडिओ’ अशी पाटी लावली, आणि एका सकाळी मला लाकडी सांगाड्यावर चढवून माझ्या पाठीवर कात्री चालवली.

त्यांच्या पत्नी शालूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आवं, लग्नातला कोट हाय त्यो! काय करताय?”

“पोटासाठी कापतोय,” नानासो म्हणाले. “एवढा एक कोट आता सगळ्या गावाला पुरंल.”

आणि तसेच झाले. नानासोंचे काम होते वारलेल्या माणसांच्या मोठ्या तसबिरी रंगवण्याचे. लोक जत्रेत काढलेला, कोपरे मुडपलेला एवढासा फोटो घेऊन येत. नानासो त्यावर चौकटी आखत, तशाच मोठ्या चौकटी कापडावर आखत आणि चौकटीमागून चौकट चेहरा उतरवत. फौजेतला माणूस असला तर त्याचा गणवेश असे. तिथे माझी गरज नसे. पण शेतकऱ्याच्या अंगात फोटोत कुडते असायचे, नाहीतर नुसती बंडी. मग मुलगा म्हणायचा, “आबास्नी कोट घाला.”

“घालत हुतं का ते?”

“न्हाई. पर आता घाला की. आता काय उकडतंय व्हय त्यास्नी?”

नानासो हसायचे, मला सांगाड्यावर नाहीतर त्या मुलाच्याच अंगात चढवून मापाने नाड्या ओढायचे आणि कोट रंगवायचे. असा मी आष्ट्यात, कडेगावात, पार रहिमतपुरापर्यंत भिंतीभिंतीवर जाऊन बसलो. चेहरे वेगळे, कोट एकच. शालूबाई चहा घेऊन आल्या की टोमणा मारल्याशिवाय परत जात नसत. “माझ्या नवऱ्याचा लग्नातला कोट, आन् घातला कुनाकुनाला! यमाच्या दारात सगळी वऱ्हाडी म्हनूनच उभी ऱ्हात असतील.”

लोक माझी स्तुती करत. “कोट लय झ्याक उतरलाय,” म्हणत. चेहऱ्याविषयी फारसे कुणी बोलत नसे. मला सुरुवातीला अभिमान वाटला. पुढे जीव गुदमरू लागला. इकडे मी सांगाड्यावर नाड्यांनी बांधलेला, तिकडे शंभर घरांत काचेमागे कोंडलेला. सुटका कुठे नाही.

नानासोंची गत माझ्याहून वेगळी नव्हती. रोज पहाटे अंघोळ करून ते पांडुरंगाच्या तसबिरीला उदबत्ती लावत, ब्रश रॉकेलमध्ये धुऊन फडक्याला पुसत, जवसाच्या तेलात रंग घोटत आणि उत्तरेची खिडकी उघडून बसत. दुपारपर्यंत चेहरा, दुपारनंतर कोट. डोळे मिटूनसुद्धा त्यांना माझी बटणे काढता आली असती. कधी कधी ब्रश खाली ठेवून ते माझ्याशीच बोलत, “गड्या, एकदा तरी जित्ता मानूस काढायचाय रं. ह्यातलं एक बी मला बघत न्हाई.” मग उसासा टाकून पुन्हा माझे बटण.

आम्हा दोघांना विसावा एकच. संध्याकाळी देवळात कीर्तन उभे राहिले की टाळांचा आवाज भिंतीतून माझ्यापर्यंत येई. नानासो हात धुऊन तिकडे जात. मी इथेच ऐके. बुवा रसाळ सांगत, मध्येच खडसावत, मध्येच हसवत. देह म्हणजे नुसता कपडा, असे ते म्हणाले की सगळे देऊळ माना डोलवत असावे. मला मात्र प्रश्न पडे, महाराज, मग कपड्याने काय समजायचे? त्याची सुटका कशी व्हायची? पण भिंतीपलीकडून विचारणार कसे? असो. आता मूळ कथेला येऊ.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरचे साल होते. जत भागातली मेंढरांची माणसे दरवर्षीप्रमाणे आमच्या काळ्या रानात आली होती. त्यांची मेंढरे शेतात बसवली की रानाला खत मिळते, म्हणून आष्ट्याचे शेतकरी त्यांची वाट पाहत. त्यातल्या रंगुबाई एका सकाळी स्टुडिओच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सोबत धाकटा दीर, केरबा. रंगुबाईंचे मालक आकाराम मागच्या पावसाळ्यात गावाकडे वारले होते. वर्षश्राद्ध आता जवळ आले होते.

केरबा म्हणाला, “पेंटर, आमच्या दादाची तसबीर पायजे. मेंढरं माघारी फिरायच्या आत.”

“फोटो द्या.”

“फोटो न्हाई. कुटला फोटो? रानातली मानसं आमी.”

नानासो विचारात पडले. मग त्यांनी रंगुबाईंना विचारले, “बाई, नाक कसं हुतं मालकांचं?”

“कसं म्हंजे? नाकावानी नाक.”

“आन् डोळं?”

रंगुबाई जमिनीकडे पाहू लागल्या. केरबाच पुढे सरसावला. “माझ्यावानीच दिसायचा दादा. सगळी म्हंत्यात. मला बसवा समूर.”

नानासोंना तो सोपा मार्ग वाटला. त्यांनी केरबाला खुर्चीवर बसवले आणि रिवाजाप्रमाणे मला सांगाड्यावरून काढून त्याच्या अंगात घातले. नाड्या ओढल्या. केरबा ताठला. “ह्यात मानूस शिंकतो कसा हो?” तो म्हणाला. रंगुबाईंनी आता काही म्हणावे म्हणून नानासो थांबले, पण त्या जमिनीकडेच पाहत होत्या.

चित्र झाले. गालावर चार सुरकुत्या जास्त, मिशीला थोडा पांढरा रंग, आणि खाली मी. रंगुबाई बघायला आल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या.

“ह्ये केरबा भावजी हायती,” त्या हळूच म्हणाल्या. “कोट घातल्यालं.”

“वैनी, भिंतीवर टांगलं की हळूहळू दादाच वाटंल,” केरबा म्हणाला.

तसा रंगुबाईंचा चेहरा कसनुसा झाला. “त्येचंच भ्या वाटतंय मला! रोज ह्ये बघितलं, तर हेच डोळ्याम्होरं ऱ्हाईल. मग त्यांचं जे काय थोडं माझ्यापाशी ऱ्हायलंय, ते बी जाईल. पेंटर, पुसा ह्ये. तुमच्या पाया पडते, पुसा.”

“मग तुमीच सांगा बाई, कसं दिसायचं ते?” नानासोंचा स्वर चढला. चार दिवसांचे काम होते त्यांचे.

“आवं, कसं सांगू? घरात सासू, रानात सासरा. मालकाकडं तोंड वर करून बघायची रीत हुती व्हय आमच्यात? लगीन झालं तवा बी मान खालीच. म्हातारपनी निवांत बघीन म्हनलं, तर ते ऱ्हायलंच न्हाईत.” पदर तोंडाला लावून त्या पायरीवर बसल्या.

मित्रांनो, त्या वेळी मी केरबाच्या अंगावरून निघालेला, खुर्चीवर पडलेला होतो. मला पहिल्यांदाच माझी लाज वाटली. आजवर लोक मला घेऊन खूश होऊन जात. पण त्यांना आपला माणूस आठवत होता म्हणून नव्हे. आठवत नव्हते ते मी झाकत होतो.

नानासोंनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले. दुसऱ्या दिवशी ब्रश धुतले, पण हातात घेतले नाहीत. खिडकी उघडली, पुन्हा लावली. मेंढरे निघायचा दिवस जवळ येत होता. शालूबाईंनी जेवणाचे ताट इथेच आणून ठेवले, तेही तसेच राहिले. “द्या सोडून,” त्या म्हणाल्या. “न्हाई जमत म्हनून सांगा बाईला.” खोलीत आम्ही दोघे कैदी, आणि भिंतीकडे तोंड केलेला तिसरा.

संध्याकाळी टाळ वाजले. नानासो उठून गेले, पण उत्तररंग संपायच्या आतच परत आले. दारातूनच हाक मारली, “शालू! अगं, इकडं ये!”

“काय झालं? कीर्तन सोडून आलासा?”

“आज गर्दी लय. मी पार माघं खांबाला टेकून बसलो. समूर सगळ्यांच्या पाठी. आन् माझ्या ध्यानात आलं, एकाचं बी तोंड दिसत न्हाई, तरी मी सगळ्यांना वळकतोय! ह्यो तात्याबा, खांदा पाडून बसलेला. ही मनुबाई, सारखी मान हलवत्या. तोंडाची गरजच न्हाई ग!”

“मग?”

“मग काय! मेंढरांची बाई मालकाच्या कुटं चालती? म्होरं का माघं?”

शालूबाईंना उमगले. मग हसल्या. “माघं. डोईवर बिऱ्हाड घेऊन.”

सकाळी नानासो स्वतः रानात गेले आणि रंगुबाईंना घेऊन आले. नाक विचारले नाही, डोळे विचारले नाहीत. एवढेच म्हणाले, “बाई, मालक चालायचं कसं, ते सांगा.”

काय सांगू मित्रांनो! जी बाई चार शब्द बोलत नव्हती, ती वाहू लागली. घोंगडं कायम डाव्या खांद्यावर. काठी मानेमागं आडवी, आन् दोनी हात तिच्यावर टाकल्यालं. उजव्या टाचंला भेग, म्हनून पाऊल जरासं तिरकं पडायचं. मुंडाशाचा शेव सुटून पाठीवर लोंबायचा. किती डाव म्हनलं, खोचा की, तर म्हनायचे, माशा हाकायला ऱ्हाऊ दे. एखादं कोकरू दमलं की घोंगड्याच्या खोळीत, नुसतं तोंड भाईर. चढ आला की डावा खांदा आदी वर जायाचा. नानासोंचा कोळसा कागदावर पळत होता. “थांबू नगा,” ते म्हणत होते, “सांगा, सांगा.”

पाठमोरी तसबीर केरबाला मुळीच पटली नाही. “पेंटर, टाळकं ठिकानावर हाय न्हवं? पाठीला हार घालायचा? समदं गाव हसंल आमाला.”

“बघून तर घे,” नानासो म्हणाले.

त्या दिवसांत मी खुंटीवर होतो. सांगाडा रिकामा होता. पहिल्यांदाच मला कुणी हात लावत नव्हते. मी पाहत होतो, आणि समोर एक पाठ तयार होत होती. घोंगड्याचा खरखरीतपणा, मानेवरची उन्हाने रापलेली कातडी, पायाखालचा धुरळा. पुढे मेंढरांची गर्दी, लांबवर माणदेशाकडचे उघडे डोंगर. चेहरा कुठेच नाही. माझ्या जागी दुसरे वस्त्र पाहून मला वाईट वाटायला हवे होते. पण खरे सांगतो, ती पाठ पाहून मला बाहेर पडल्यासारखे वाटले.

निघायच्या दिवशी सकाळी रंगुबाई आल्या. बिऱ्हाड बाहेर घोड्यावर लादलेले होते. नानासोंनी चित्रावरचे फडके काढले आणि ते बाजूला झाले.

रंगुबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर डोईवर नीट ओढून घेतला आणि चित्राजवळ न जाता दोन पावले मागे सरल्या. एवढे अंतर त्यांना सवयीचे असावे. तिथे उभे राहून त्या म्हणाल्या, “आवं, जरा दमानं चला की.”

केरबाने डोक्याचे मुंडासे काढून हातात घेतले. मग तो म्हणाला, “दादा हाय. त्योच हाय.” त्याने चित्र घोंगड्यात गुंडाळले आणि स्वतःच्या डोक्यावर घेतले. कुणाला हात लावू दिला नाही.

मित्रांनो, त्यानंतर मी लगेच सुटलो असे समजू नका. नानासोंना पोट आहे, आणि कोट मागणारे मुलगे अजून येतात. मीही पुन्हा सांगाड्यावर चढलो. अस्तर विरले, एका बाहीला कसर लागली. फरक एकच झाला. आता कुणीही आले की नानासो ब्रश उचलण्याआधी विचारतात, “चालायचं कसं? बसायचं कसं? काय घालायचं?” काही जण सांगू लागतात आणि सांगता सांगता तिथेच डोळे पुसतात. अशा वेळी मी खुंटीवर राहतो. काही जणांना मात्र काहीच आठवत नाही. तेव्हा नानासो माझ्याकडे पाहतात, आणि मी मुकाट्याने उतरतो.

तुमच्याही घरात भिंतीवर एखादे आजोबा असतील, काळ्या कोटातले. तो कोट मी असेन, नाहीतर माझ्यासारखा दुसरा कुणी. आज संध्याकाळी दिवा लागला की आजीजवळ बसा, आणि तिला विचारा, “आजी, आजोबा खरंच काय घालायचे?” ती पहिल्यांदा हसेल. मग सांगेल. तुम्ही नीट ऐका. आणि आजीलाही नीट पाहून घ्या, ती कशी बसते, कशी उठते, पदर कसा सावरते. ती आहे तोवर पाहा.

तुमच्या घरात ती सांगू लागली की तुमच्या भिंतीवरच्या काचेमागून मी सुटलो. मग एकेक घर करत, पांडुरंगाची इच्छा असेल तर, सगळीकडून सुटेन.