पाहुण्याच्या बाटलीतलं पाणी

"पाहुण्यापुढे ठेवायचं पाणी निवळशंख हवं. आपण मागाहून काहीही प्यावं, पण पाहुण्याच्या भांड्यात काडीकचरा दिसता कामा नये!"

सासूबाई जाऊन युगं लोटली, तरी त्यांचा हा दंडक मावशींच्या कानात ताजा होता. रागाच्या भरात हातून नको ते घडलं, घर सुटलं, तुरुंगाचं दार पाठीमागे लागलं. दंडक मात्र त्यांच्याबरोबर आत आला. वागणूक चांगली म्हणून त्यांना जेलरबाईंच्या कचेरीत चहापाण्याचं काम मिळालं होतं. तिथे कोपऱ्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. देवाचं नाव घेत मावशी त्याखाली पेला धरायच्या आणि आल्यागेल्यापुढे पूजेच्या निष्ठेने ठेवायच्या.

बराकीतल्या नळाची तऱ्हाच निराळी. पाणी पिवळट, वर वास. बायका पदराने गाळून, नाक मुरडून प्यायच्या. चिमणीला नाक मुरडणंही जमत नव्हतं. आईबरोबर आत आलेली, नुकती बोबडं बोलू लागलेली ही पोर अख्ख्या बराकीच्या गळ्यातला ताईत. तिचं पोट बिघडायचं, सावरायचं, पुन्हा बिघडायचं. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "असंच चाललं तर पोरीला बाहेर बालगृहात ठेवावं लागेल."

चिमणीच्या आईने ताट बाजूला सारलं.

"जेव गं," मावशी म्हणाल्या. "मी बोलते बाईसाहेबांशी."

"तुमचं कोण ऐकणार? सगळी कुलपं त्यांच्याकडे."

"जीभ तर माझ्याकडे आहे ना!"

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर त्यांनी विषयही पुढे केला. जेलरबाई मनाने चांगल्या होत्या. "मावशी, मलाही संशय येतो हो. पण दर तपासणीत पाणी उत्तम निघतं. मग नवा पाइप मागू तरी कोणत्या तोंडाने? आज तपासनीस यायचेच आहेत, पुन्हा बघू."

तपासनीस आले. पोट गोल, चेहरा हसरा. बायकांच्या बराकीत पुरुषांना मज्जाव, म्हणून नेहमीसारखी त्यांनी बाटली मावशींच्या हाती दिली. "भरून आणता? तोंडाला बोट लावू नका हं."

मावशी वळल्या आणि बाटली थेट यंत्राखाली धरली.

जेलरबाईंचा कप ओठांशीच थांबला. "मावशी, हे काय?"

"पाणी भरतेय."

"बराकीतलं भरायचं ना!"

"अगं बाई! ते गढूळ पाणी पाहुण्याला? मला काही लाजलज्जा आहे की नाही?"

"आणि आजवर?"

"आजवर यांना कधी कमी पडू दिलं नाही हो. म्हटलं, उन्हातान्हाचे येतात, वाटेत पीत असतील बिचारे."

तपासनीसांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे इतके दिवस मी तुमच्या यंत्रालाच शाबासकी देत होतो!"

जेलरबाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. मावशींचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे पोर माझ्यापायी आजारी?"

"छे! कुठलं भरायचं हे सांगायची अक्कल आम्हाला नव्हती," जेलरबाई म्हणाल्या. "पण आता शब्द द्या. यापुढे चिमणी पिते त्याच नळाचं भरायचं."

"दिला."

त्या नळाच्या पाण्याने तपासनीसांचं हसू पुसून टाकलं. मग भराभर चक्रं फिरली. टाकीतून कबुतराची पिसं निघाली, गटाराशेजारचा फुटका पाइप बदलला गेला. तोवर यंत्राचं पाणी कळशीने बराकीत जात होतं. चिमणी बाळसं धरू लागली. डॉक्टरबाईंनी सांगून टाकलं, "नळाचं पाणी चांगलं निघालं, तर पोर आईजवळच राहील."

तपासनीस पुन्हा आले. मावशी बाटली घेत होत्या, तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या चिमणीच्या आईने हळूच त्यांचा पदर ओढला.

"मावशी, यंत्राचंच भरा हो. चिमणी राहील."

"राहील गं. पण पिईल काय?"

आईचा हात सुटला. यंत्र कोपऱ्यात गुणगुणत होतं, सासूबाईही कानाशी काहीतरी पुटपुटल्या. "तुम्ही जरा थांबा," मावशींनी मनातच त्यांना सांगितलं. बाटली पदराआड धरून, देवाचं नाव घेत, त्या बराकीच्या टोकाला असलेल्या नळाकडे निघाल्या.