बंधाऱ्याच्या सांध्यातला पिंपळ

मित्रांनो, वर्तकनगरच्या मागे डोंगर जिथे जमिनीला टेकतो, तिथल्या ओढ्यात पाय रोवून उभा असलेला छोटासा बंधारा म्हणजे मी. काळा दगड आणि चुना हा माझा देह. एका कारखान्याला पाणी हवं म्हणून मला बांधलं. कारखाना कधीच बंद पडला, पण मी अडवलेलं पाणी राहिलं. त्यात पाणकणीस वाढलं, कासवं आली, पाणकोंबड्यांनी घरटी केली. पोरं माझ्यावर बसून पाण्यात पाय सोडायची आणि खंड्या शेजारीच मासा गिळायचा. कुणाला कुणाची अडचण नव्हती. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एका पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेल्या बीमुळे माझ्या सांध्यात पिंपळ उगवला. जवळच्या सोसायटीतल्या हेमांगीकाकूंचं व्रत असं, की पिंपळाला पाणी घातल्याशिवाय त्या चहासुद्धा घेत नसत. तिथला पिंपळ पार्किंगसाठी तोडला गेला, तेव्हापासून त्या तांब्या घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. मलाही बरं वाटे. माझ्याकडे रोज येणारं दुसरं होतं कोण? पण मुळं आत शिरत होती, चुना भुगा होऊन गळत होता.

सकाळी फिरायला येणारे उत्तमभाऊ एकदा म्हणाले, "वहिनी, तुमचं पुण्य वाढतंय आणि बंधारा फुटतोय. उपटू का हे रोप?"

"पिंपळाला हात लावायचा नाही, भाऊजी. तुम्ही काय, एकादशीलासुद्धा वडापाव खाता."

"माझ्या वडापावाने माझंच पोट बिघडतं. तळं नाही आटत."

काकू हसल्या, पण ऐकलं नाही.

यंदा उन्हाळ्यात फट रुंदावली. पाणी माझ्यातून पाझरून निघून जाऊ लागलं. पाणकोंबडीचं पाण्यावरचं घरटं चिखलावर टेकलं. एका सकाळी काकू आल्या, तर दोन कुत्री चिखल तुडवत त्या घरट्याकडे निघालेली. काकूंनी चप्पल भिरकावून त्यांना हाकललं. मग त्यांनी माझी ओली फट पाहिली, फटीतलं जाडजूड मूळ पाहिलं. तांब्या तसाच भरलेला राहिला.

"भाऊजी, उद्या गवंडी आणा," फिरायला आलेल्या उत्तमभाऊंना त्या हळूच म्हणाल्या. "मी आधी पिंपळाची परवानगी घेते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंपळाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता ठेवल्या. "देवा, तुला घालवत नाही, फक्त जागा बदलतेय. रागावू नकोस." गवंड्याने मुळं सोडवली, सांधे चुन्याने भरले आणि पिंपळ काठावरच्या मातीत लावला. डोंगरातल्या झऱ्याची बारीक धार येतच होती. पाणी बोटाबोटाने चढलं. घरटं पुन्हा तरंगलं आणि एके दिवशी काळी, कापसासारखी पिल्लं आईमागून पोहत निघाली.

आता काकू थेट काठाकडे जातात. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या आसपासही असा एखादा म्हातारा बंधारा असेल. त्याच्यावर उगवलेल्या झाडाला हात जोडाल तेव्हा थोडं वाकून बंधाऱ्याचे सांधेही बघा. त्याच्या आधाराने कुणीतरी अंडी उबवत बसलेलं असतं.