न उतरलेला काटा

मी एक जुना पीक फ्लो मीटर आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. दम्याच्या माणसाने माझ्यात जोरात फुंकले, की माझा लाल काटा पट्टीवर वर सरकतो आणि छातीत किती जोर आहे ते सांगतो. दवाखान्यात मात्र माझे नाव 'फुंकणी'च पडले.

नवा होतो तेव्हा सिस्टर मला जपून पुसायच्या. "हा कधी खोटं बोलत नाही," असे सगळ्यांना सांगायच्या आणि मी फुशारून जायचो. पण नव्याचे नऊ दिवस! पुढे मी टेबलावर नुसता पडून असे. माणसे धापा टाकत माझ्याजवळ येत आणि बरी झाली की माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत.

याला अपवाद एकच, शिट्टीकाका. शाळेच्या मैदानावर जन्मभर शिट्टी वाजवून खेळ शिकवले, म्हणून हे नाव. काकू गेल्यापासून ते एकटेच राहत. दम्याच्या तपासणीला येताना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून येत. थाट आजाऱ्याचा नव्हे, पाहुण्याचा! "काय काका, कसे आहात? झोप लागते ना? जिना चढताना दम लागतो का?" सिस्टर विचारत, आणि काका एकेक उत्तर लांबवत. मग गाल फुगवत, डोळे मिटत आणि कोमट चहावर फुंकावे तसे माझ्यात हळूच फुंकत. काटा तळाशीच राही.

"जोर कमीच आहे. पुढच्या महिन्यात परत या हं," सिस्टर म्हणत. हे ऐकून काकांचा चेहरा खुलायचा. मला सारे कळत होते, पण मला तोंड आहे ते फक्त दुसऱ्याने फुंकायला.

एकदा डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडत नाही. आता जड गोळ्या द्याव्या लागतील. त्यांनी हाडं ठिसूळ होतात, पण इलाज नाही." ते आतल्या खोलीत गेले. सिस्टर फोन घ्यायला बाहेर गेल्या.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग काय वाटले कोण जाणे, मैदानावर उभे राहावे तसे ताठ उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकले. काटा सटकन वर!

"अजून जमतंय की!" ते स्वतःशीच पुटपुटले.

पण माझा काटा आपणहून खाली येत नाही, बोटाने उतरवावा लागतो. आनंदाच्या भरात काका ते विसरले. सिस्टर परत आल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"काका, हे तुम्ही फुंकलंत?"

काकांनी मान खाली घातली. "बरा आहे म्हटलं की तुम्ही एकदम वर्षाने बोलावता. मधे 'कसे आहात' म्हणून विचारणारं कोणी नाही हो."

"अहो, मग असेच या ना!" सिस्टरनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "चहा घेऊन जा. पण नको ती औषधं कशाला पोटात घालता?"

गोळ्या टळल्या. पुढची तपासणी वर्षाने ठरली. काका "चहाला येतो" म्हणाले, पण मधे कधीच आले नाहीत. काही दुखत-खुपत नसताना दवाखान्यात कसे जावे, असे भिडस्त माणसाला वाटतेच.

त्या तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी नवे, आकडे दाखवणारे यंत्र आले आणि माझी रवानगी त्याच टेबलाच्या खणात झाली. आम्हा वस्तूंना जपा, असे मी म्हणायला हवे. पण मित्रांनो, माझे राहू द्या. शेजारी कोणी एकटे राहत असेल, तर ते आजारी पडायची वाट बघू नका. 'कसे आहात' म्हणून विचारा आणि उत्तर लांबले तर लांबू द्या.

इथे खणात फार एकटे वाटते. त्या दिवशी माझा काटा उतरवायचे कुणालाच सुचले नाही. तो अजून वरच आहे, काकांच्या खऱ्या श्वासापाशी.