काठावरचा हक्क

"काठाला धरा, अत्तै, आणि उजवीकडे ओढा," अरिवळगन फोनमध्ये म्हणाला.

तिरुचीत वडिवांबाळ अत्तैंनी आपल्या फोनवर ओढलं. कांचीपुरमच्या दुकानात, गादीवर बसलेल्या सभापती मुदलियारांनी तोंडाशी नेलेला कॉफीचा पेला तिथंच धरून ठेवला. अत्तै म्हणजे अरिवळगनच्या बायकोची आत्या, मुदलियारांची थोरली बहीण, त्यांची अक्का.

"ओढलं," सुनेच्या फोनवरून अत्तैंचा आवाज आला. "साडी गेली. पाटी आलीय. दुकानातून जायचं? खाली दोन बटणं, 'जाते' आणि 'थांबते'."

"थांबते दाबा."

"तेच दाबणार. नातीच्या लग्नमुहूर्ताची साडी घ्यायला बसलेय, 'जाते' कशी म्हणू?"

अरिवळगननं सासऱ्यांकडे पाहिलं नाही. वेबसाइट त्याची होती. पदर खऱ्या दुकानातल्यासारखा काठाला धरून उलगडायचा, ही कल्पनाही त्याचीच, आणि तिच्यावर तो मनातून फार खूश होता. लॅपटॉपवर माउसनं ओढला की पदर असा काही सळसळत उघडे की बायकोलाही दोनदा दाखवून झाला होता. फोनवर बघायचं तेवढं राहून गेलं.

सासऱ्यांची अट साधी होती. आजवर दुकानातली एकही साडी पसंत न केलेल्या अक्कानं या साइटवरून साडी घेतली, तर साइट राहील. नाहीतर सोमवारपासून जावईबापूंनी गल्ल्यावर बसावं. अक्काचा खुबा मोडला होता, नाहीतर ती नकार द्यायला स्वतः आली असती.

"पुन्हा पाटी आली," अत्तै म्हणाल्या. "अरे, तुझं दुकान मला घालवायलाच टपलंय का?"

"अत्तै, अगदी काठाला नको. जरा मधून ओढा."

"पदर कुणी पोटातून धरतं का रे?"

मुदलियारांनी पेला खाली ठेवला. "जावईबापू, भानगड काय आहे?"

"मामा, फोनच्या काठावर ब्राउझरचा हक्क असतो. तिथून बोट ओढलं की त्याला वाटतं, माणसाला मागं जायचंय. आपल्यापर्यंत ते बोट पोचतच नाही."

"म्हणजे काठ विकायला पिढ्यान्‌पिढ्या बसलोय आम्ही, आणि काठावर हक्क दुसऱ्याचा?" मुदलियार जावयाला कधी अरेतुरे करत नसत. अपमानसुद्धा अहोजाहो करूनच करत. "तुम्ही फार शिकलात हो."

अरिवळगननं लॅपटॉप मांडीवर ओढला. इलाज सोपा होता. ओढणं काढून टाकायचं आणि साडीखाली 'पदर' असं सरळ बटण द्यायचं. तो भराभर लिहू लागला. फोनमध्ये अत्तै ओढत होत्या, पाटी येत होती, त्या 'थांबते' दाबत होत्या. मध्येच सुनेला म्हणाल्या, "तू हो बाजूला, मला जमेल." मग, "आत्ता टोक दिसलं! मोरपंखी होतं. की जांभळं?"

"झालंच, अत्तै. जरा दम धरा."

"तू गप्प बस. सभापती, आहेस का?"

"आहे, अक्का." मुदलियार नकार ऐकायच्या तयारीत ताठ बसले.

"तू साडी काढतोस आणि पहिल्या झटक्यात पदर तोंडावर फेकतोस. सगळं दिसून जातं. मग मी कशाला बसू? इथं इतका वेळ धडपडतेय तरी दाखवत नाही. म्हणजे पदरात काहीतरी असणार. हीच बांध."

फोन बंद झाला. मुदलियार जावयाकडे सरकले. मग त्यांनी आवाज उतरवला.

"जावईबापू, ही चूक ब्राउझरची की तुमची?"

अरिवळगननं मान खाली घातली. "माझी. पण दुरुस्ती तयार आहे, मामा. हे एक बटण दाबलं की—"

"नक्की तुमची ना? उद्या ब्राउझरवाले काढून तर घेणार नाहीत?"

"नाही."

"मग त्या चुकीला हात लावायचा नाही." मुदलियारांनी थंड झालेली कॉफी एका घोटात संपवली. "सोमवारी गल्ल्यावर मी बसेन. तुम्ही वर बसा, आणि निवांतपणे आणखी काही बिघडवा."

ते साडी बांधायला उठले. अरिवळगननं आपण लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं. एकही चूक नव्हती. कुणी बघत नाहीसं पाहून त्यानं ते सगळं पुसून टाकलं.